दादांनी धरलेली जागा

सांगली स्टँडवर गाडी लागते न लागते तोच दादांचा चौकड्यांचा रुमाल खिडकीतून आत गेलेला असायचा. गंमत म्हणजे त्या सीटवर ते स्वतः क्वचितच बसायचे. एखादी म्हातारी दिसली की "आवं आज्जी, तुमचीच जागा धरली हुती," म्हणून तिला बसवायचे आणि स्वतः दांडीला धरून उभे. त्यांच्यापायी मीही उभीच!

दादांचं सांगलीत वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस होतं. मी आटपाडीची, माझी ती पहिलीच नोकरी. डाळिंबाच्या सौद्यांची एक साइट आम्ही करत होतो. आजचा भाव दाखवायला मी त्यात आमचा स्वतःचा एक टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली एक खूण, बनवला होता. असा घरचा टॅग ब्राउझरला ओळखीचा नसतो. त्याला चालवणारी स्क्रिप्ट नेटवरून पोचेपर्यंत तिथं नुसतं रिकामं. सांगलीच्या वेगवान नेटवर हे कळलंच नाही. आटपाडीत मात्र माझ्या मामांनी 'भाव पहा'वर बोट नेलं आणि नेमकी तेव्हाच वर भावाची पट्टी उगवली. पान खाली सरकलं, आणि बोट पडलं 'माल विका'वर. मामांचा फोन आला, "मी कवा विकला गं माल? आजून झाडावर हाय की!"

दादा मला एका शब्दानं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आटपाडीला आले, "चूक आमची हाय, मामा," म्हणाले आणि तिथंच ओसरीवर लॅपटॉप उघडून मला शिकवलं. "टॅग ब्राउझरला कळंपातूर त्याला येगळी स्टाइल दे. उंची तेवढीच, रंग फिका. मागनं येणाऱ्याची जागा आधी धरायची गं, मग पान हलत न्हाई."

"आणि दादा, तो आलाच नाही तर?" मी विचारलं.

"येतंय की! जागा धरल्यावर येत न्हाई व्हय?"

किती मोठा माणूस वाटला होता मला तो त्या दिवशी!

पुढं त्यांनी सांगलीचं ऑफिस बंद केलं. साताऱ्यात मोठं ऑफिस थाटायचं म्हणाले. "तुझी खुर्ची धरलीया. दुसरीकडं कुठं जाऊ नगंस." मग काय, कराडची चांगली चालून आलेली नोकरी मी नको म्हणून सांगितली. आई म्हणाली, "त्येंच्या भरवशावर घरात बसणार हायस व्हय?" मी तिच्यावरच खेकसले. उन्हाळा गेला, दसराही गेला. फोन केला की दादांचं एकच, "व्हतंय, व्हतंय. खुर्ची तुझीच हाय."

मग एकदा, मामांच्या ओसरीवरच, पुण्यातल्या एका कंपनीची साइट नोकरीसाठी उघडली. 'आमची माणसं' असं पान होतं. नेट नेहमीसारखंच मेलेलं. पण पान जागचं हललं नाही. फिक्या चौकटी, नेमक्या उंचीच्या, आपापली जागा धरून बसलेल्या. हा हात कुणाचा हे मला फोटो यायच्या आधीच कळलं होतं. मग फोटो आला. दादाच. गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि खाली लिहिलेलं की ते उन्हाळ्यापासून तिथं आहेत.

म्हणजे सातारा नव्हताच. खुर्ची तर नव्हतीच नव्हती.

मी फोन लावला. "दादा, न्हाई म्हणून तरी सांगायचं हुतं."

ते म्हणाले, "तुला वाईट वाटलं आसतं गं."

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. चारचौघांत बोलले असते, कामावरून काढलं असतं, तरी चाललं असतं. मी फोन ठेवला तो कायमचा.

आता मी घरूनच लोकांच्या साइटची कामं करते. अजूनही जागा आधी धरते, उंची तेवढीच, रंग फिका. ते त्यांचंच शिकवणं, नाकारून कसं चालेल? फक्त एक गोष्ट मी माझ्या पदरची घालते. थोडा वेळ वाट बघूनही टॅग आलाच नाही, तर त्या फिक्या चौकटीत ठळक अक्षरांत ओळ येते: 'भाव आलेला नाही. थांबू नका.'