कवळीवाले साडू आणि हरवलेले पत्ते

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझ्या साडूंचं भरतं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवतात. टेबलावर प्लास्टरचे साचे, डबीत गुलाबी मेण, फळीवर ओळीनं मांडलेले परक्यांचे जबडे. दिवसभर इतक्या लोकांचं हसू हातात घेऊन बसणारा हा माणूस स्वतः मात्र क्वचितच हसतो. त्यांची बायको म्हणजे माझी मोठी मेहुणी. साडूसाडूंचं नातं मोठं गमतीचं असतं. आम्ही एकाच दुकानातून माल घेतलेली दोन गिऱ्हाइकं. तक्रार करायची तर एकमेकांकडेच, दुकानदाराकडे सोय नाही.

साडूंना साधं सुपारीचंही व्यसन नव्हतं. मग कोणीतरी त्यांना लिनक्स दाखवलं. कंप्युटर ज्याच्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर, आणि तेही फुकट. वर जगभरची माणसं ते आपापल्या परीनं घडवून वाटत असतात, आणि अशा प्रत्येक घडणीला डिस्ट्रो म्हणतात. एक तर फुकट आणि त्यात शेकडो प्रकार, हे ज्याच्या कानावर पडलं त्याचा संसार आटोपला म्हणून समजा.

त्यांच्या घरात तीन जुने कंप्युटर होते. एक बैठकीच्या खोलीत, एक पलंगाशेजारी आणि एक, का ते विचारू नका, स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर. सुट्टीच्या दिवशी आंघोळ उरकली की साडू कवळीची डबी उघडायचे. डबीत कवळी नसायची, पेनड्राइव्ह असायचे. मग या यंत्रावरची डिस्ट्रो त्या यंत्रावर, त्या यंत्रावरची कचऱ्यात आणि तिसऱ्यावर एकदम नवी कोरी. कोणती आधी सुरू होते, कोणती प्रिंटरला ओळख देते, कोणतीतली अक्षरं डोळ्यांना सुखावतात, असं सगळं ताडून बघायचं. निकाल धंद्याच्या भाषेत. "बसली छान, पण चावताना टोचते." नवी कवळी घेऊन गेलेला म्हातारा दुसऱ्याच दिवशी कुरकुरत आला, तर हेच साडू त्याला दटावायचे, "अहो, महिनाभर वापरा तरी! तोंडाला सवय होऊ द्या." लिनक्सला मात्र त्यांनी कधी आठवड्याच्या वर तोंडात ठेवलं नाही.

मेहुणीनं एक टॅब्लेट घेतला आणि तो उशाखाली ठेवून झोपू लागली. "याला हात लावलात तर तुमचेच दात तुमच्या हातात देईन," असं तिनं सांगून ठेवलं होतं. साडू वाटेला गेले नाहीत. त्यांना दात बसवायचा पुष्कळ अनुभव होता, पडायचा नव्हता.

सासूबाई गेल्यावर सासरे त्यांच्याकडे राहायला आले. सासरे म्हणजे एका कारखान्याचे निवृत्त स्टोअरकीपर. कोणता बोल्ट कोणत्या कप्प्यात आहे हे डोळे मिटून सांगतील, आणि कोणी तो दुसऱ्या कप्प्यात टाकला तर त्याच्या सात पिढ्याही डोळे मिटूनच उद्धरतील. बैठकीतला कंप्युटर त्यांच्या वाट्याला आला. सकाळी चहा झाला की ते त्यावर पत्ते खेळायचे. एकट्यानं खेळायचा तो डाव.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. या सोमवारी पत्ते खाली डाव्या कोपऱ्यातल्या यादीत असायचे, पुढच्या सोमवारी डाव्या कडेच्या पट्टीत, त्याच्या पुढच्या सोमवारी पडद्यावर काहीच नसायचं, नुसता निळा उजेड. इंग्रजी नावं तोंडात बसेनात म्हणून सासऱ्यांनी प्रत्येक डिस्ट्रोचं आपलं बारसं केलं. मिंटचा झाला पुदिना. डेबियनच्या चिन्हावरून भोवरा. ओपनसुसेवर सरड्याचं चित्र, म्हणून सरडा. फेडोराचा पडदा मोकळा दिसतो, त्याला ते मैदान म्हणायचे. "जावईबापू, आज मैदानात आणून सोडलंत होय? माझे पत्ते कुठं पुरलेत?" साडू शांतपणे दाखवायचे. सासरे म्हणायचे, "तुम्ही माझ्या स्टोअरमध्ये असतात ना, तर पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं." मी तर ही जुगलबंदी ऐकायलाच मुद्दाम चहाच्या वेळेला टपकायचो.

आणि मग सासऱ्यांनी ओरडणं बंद केलं. नुसते पडद्यासमोर बसून राहायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, विचार करतोय." जेवल्यावर थोड्या वेळानं जेवण झालं का असं विचारायचे. रोजच्या दुकानातून परत येताना चुकून शेजारच्या इमारतीत शिरले. मेहुणी घाबरली. तिनं माझ्या बायकोला फोन केला आणि माझ्या बायकोनं कोणाचं काही न ऐकता निकाल देऊन टाकला. "बाबांना काही झालेलं नाही. ज्या घरात दर आठवड्याला वस्तू जागा बदलतात, तिथं धडधाकट माणसाचं डोकं फिरेल. आधी तुमच्या साडूंना आवरा, मग डॉक्टरांचं बघू."

आवरायला अर्थात मला धाडलं. मला वाटलं होतं, साडू वाद घालतील. उलट बैठकीच्या कंप्युटरवर त्यांनी पुदिना बसवला, पत्त्यांचं चित्र चांगलं बशीएवढं करून पडद्याच्या ऐन मध्यावर आणून ठेवलं आणि पेनड्राइव्हची डबी माझ्या हातात दिली. "घेऊन जा. महिनाभर मी मागितली तरी देऊ नका." मग दाराशी येऊन हळूच म्हणाले, "माझ्यामुळंच झालं असेल ना हो?"

मी म्हटलं, "तुमच्यामुळंच."

"बरं झालं," ते म्हणाले.

एका जावयाच्या हातून गुन्हा घडलेला असावा म्हणून सगळं सासर मनापासून देवाला विनवत होतं, असं मी तरी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. साडू दोषी ठरले तर बाबा बरे होते. इतका सोपा हिशेब होता.

सुरुवात झकास झाली. सासरे उठायचे, बसायचे, बशीवर माऊस टेकवायचे आणि डाव मांडायचे. आवाजही परत आला. "शेवटी जावईबापूंना अक्कल आली," असं ते शेजाऱ्यांना सांगत सुटले. साडू इकडे कासावीस. सुट्टीच्या दिवशी हाताला काम नाही म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मेहुणी म्हणाली, "दारं वाजत नाहीत, त्यामुळं हे कुठं आहेत तेच कळत नाही." पण ती खूश होती. आम्ही सगळेच होतो. बायकोनं तर मला दोनदा ऐकवलं की ती काय डॉक्टरांपेक्षा कमी आहे का.

महिना संपत आला होता. मी चहाला गेलो होतो. सासरे कंप्युटरसमोर बसलेले. माऊसचा बाण डाव्या कोपऱ्यात गेला. कडेकडेनं वर गेला. उजवीकडे आला. पुन्हा खाली. दोनदा तर तो त्या बशीएवढ्या चित्रावरून गेला आणि थांबला नाही. साडू माझ्या शेजारी उभे होते. आम्ही दोघंही बघत होतो. शेवटी सासऱ्यांनी माऊस सोडला, हात मांडीवर ठेवले आणि परक्याच्या ऑफिसात बसल्यासारखं हळूच विचारलं, "हे माझंच यंत्र ना हो?"

त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना घाबरवलं, त्याला मी पहिल्यांदाच घाबरलेलं बघत होतो.

साडू पुढे झाले. "माफ करा बाबा. मी काल परत बदललं."

त्यांनी काहीएक बदललं नव्हतं. डबी माझ्या कपाटात कुलपात होती. पण सासऱ्यांचा चेहरा असा काही उजळला! "तरीच!" ते गरजले. "तरीच म्हटलं! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच! तुम्हाला एक गोष्ट जागेवर ठेवता येत नाही? कोणी शिकवलं तुम्हाला?" साडू मान खाली घालून सगळं ऐकत उभे राहिले. मग वाकून त्यांनी पत्ते उघडून दिले. मला कधी कोणाच्या पाया पडावंसं वाटत नाही, पण त्या क्षणी मला वाटलं.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं. ते नाव घरात कोणी सासऱ्यांसमोर काढलं नाही. गरजही पडली नाही, कारण जे जे हरवायचं ते साडूंनी हलवलेलं असायचं. चष्मा साडूंनी हलवला. संडासाचा दरवाजा साडूंनी त्या बाजूला नेला. गुरुवार साडूंनी बुधवारच्या जागी ठेवला. सासरे दिवसातून दहा वेळा शिव्या द्यायचे आणि साडू दहाही वेळा कबूल व्हायचे. मेहुणी कधी आत जाऊन रडायची, कधी तिथंच उभ्यानं हसायची.

परवा मी गेलो, तेव्हा मेहुणी आतून ट्रे घेऊन आली. सासऱ्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं. मग डोळे बारीक करून साडूंकडे वळले. "काय हो जावईबापू, बायकोसुद्धा बदललीत?"

मला खो खो हसू आलं. मग मेहुणी ट्रे धरून आहे तिथंच उभी राहिली, आणि माझं हसू तिथंच थांबलं.

साडूंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आताही म्हणतील, हो बाबा, मीच. साडूंनी तिच्या हातातला ट्रे घेतला.

"नाही बाबा," ते म्हणाले. "ही तीच आहे. हिला मी हात लावला नाही."

सासरे कोचावर थोडे बाजूला सरकले, शेजारची जागा हातानं झटकून साफ केली आणि आपल्या मुलीला म्हणाले, "बसा ना. उभ्या का?"

मेहुणी बसली.