नवस फेडायचा कोणी

आमची आई देवाशी बोलायची ती शेजारणीशी बोलल्यासारखी. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत ख्रिस्ती घरं मोजकीच. आजूबाजूच्या बायका देवळात गाऱ्हाणं घालायच्या. आईने तीच रीत उचलून वाळूतल्या क्रुसाला लावली होती. नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि रोखठोक सांगायचं, तू माझं एवढं कर, मी तुझं एवढं करते. चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला नेमाने जाणारी बाई, पण महत्त्वाची बोलणी मात्र क्रुसाजवळ.

बाबा मंगळुरी कौलं आणणाऱ्या गलबतावर तांडेल होते. मी लहान असताना एकदा ते वादळात सापडले आणि कितीतरी दिवस काही कळेना. तेव्हा आई क्रुसाजवळ जाऊन बोलली, "माज्या घोवाक सुखरूप हाड, माजा एक लेकरू तुज्या कामाक दितंय." बाबा परत आले, दाढी वाढलेली, अंगाने निम्मे झालेले. आईने त्यांना पेज वाढली आणि त्यांच्या बदल्यात एक मूल देवाच्या कामाला देण्याच्या त्या नवसाचं कोणापाशी चकार शब्दाने बोलली नाही.

पुढे साठ सालानंतरच्या एका ऑक्टोबरात, दूरदेशीच्या धर्मकार्यासाठी पाळतात त्या मिशन रविवारी, आमच्या चर्चमध्ये एक पाहुणे फादर आले. अर्धं आयुष्य आफ्रिकेत काढलेले. उन्हाने रापलेले, आवाज बसलेला. झाडाखालच्या दवाखान्याबद्दल ते सांगत होते. आजारी पोरं पाठीला बांधून बाया दिवसभर चालत येतात, आणि त्यांना टेकायला सांगणारं, पाणी देणारं माणूस तिथे नसतं. साऱ्या जगात जा, हे येशूने फक्त गोऱ्या लोकांना सांगितलेलं नाही, असं म्हणून ते आमच्याकडे बघत राहिले. हे मलाच सांगताहेत, असं अगदी स्पष्ट वाटलं.

शेजारी बसलेल्या आईची नजर पुरुषांच्या बाकांकडे, माझ्या दादावर खिळली होती.

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. आणि त्याच आठवड्यात तिने दादासाठी मुली बघायचा सपाटा लावला. वेंगुर्ल्याकडे निरोप गेले. दादा होड्या बांधणाऱ्या सुताराच्या हाताखाली होता, त्याला तर आयतंच फावलं. डोक्याला तेल काय, शिट्ट्या काय! मला काही उलगडा होईना. शेवटी बांगडे साफ करता करता आईनेच मला नवसाचं सांगितलं. "लगीन झालेल्याक कोण पाद्री करतलो?" ती म्हणाली. म्हणजे बाई चक्क देवाला चकवायला निघाली होती.

पण तेही तिला झेपेना. बाबांचं गलबत निघायच्या बेतात होतं. नवस मोडला तर समुद्र आपलं माणूस परत घेणार, हे तिच्या मनाने घट्ट धरलं होतं. मुलगा द्यावा तर काळीज तुटतं, न द्यावा तर नवरा जातो. हातातला बांगडा तसाच धरून ती रडायला लागली.

मला तिची कीव आली, आणि खरं सांगते, रागही आला. 'एक लेकरू' म्हणाली होती ना? मग मी कोण होते? मला तिने हिशेबातच धरलं नव्हतं. मी जाते, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तेव्हा बोलले असते तर बाबांच्या जिवाचा मोबदला म्हणून गेले असते. मला तसं जायचं नव्हतं. मी जीभ आवरली आणि तिला म्हटलं, "फादरांका इचार."

आमचे म्हातारे फादर गोव्याकडचे, तिरसट. ते मागच्या परसात सुरण खणत होते. आईने उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. त्यांनी कुदळ बाजूला ठेवली.

"बाय, शेजाऱ्याच्या परसातलो फणस तू देवाक देशीत?"

"शेजाऱ्याचो कसो? झील माजो!" मुलाला परकं म्हटल्यासारखी आई उसळली.

"झील तुजो, पण जीव त्याचो. देवान हाक मारली तर तो आपल्या पायान जायत. आनि तुजो घोव देवान मायेन परत धाडल्यान. झिलाच्या बदल्यात नाय."

मग त्यांनी तिला तो नवस बदलून दिला. दूरदेशी काम करणाऱ्यांसाठी रोज एक रोझरी, जपमाळेवरची प्रार्थना, म्हणायची, जन्मभर. आईचा विश्वास बसेना. "इतक्यात भागात? एक नारळ तरी ठेवू?"

"नारळ माका दी," फादर म्हणाले आणि पुन्हा खणायला लागले.

परतताना आई बांधावर मटकन बसली आणि हसत सुटली. हसता हसता पदराने डोळे पुसत होती. इतकी वर्षं छातीवर दगड घेऊन ही बाई आम्हाला जेवू घालत होती, हे मला तेव्हा कळलं. घरी येऊन तिने बांगड्याचं झणझणीत तिकलं केलं, बाबांना वाढलं आणि स्वतः दोनदा भात घेतला. दादाच्या लग्नाचं मात्र तिने मागे घेतलं नाही. मुलगी तिला खरोखरच आवडली होती.

बाबा आणि दादा बाहेर गेल्यावर मी तिला सांगितलं. त्या पाहुण्या फादरांनी आफ्रिकेतल्या ज्या दवाखान्याचं सांगितलं, तिथे मला जायचंय. आधी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांकडे राहून दवाखान्याचं काम शिकेन.

मला वाटलं, आता ओरडेल, नाहीतर क्रुसाकडे धाव घेईल. तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरात ही एक आहे हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

"फादराक इचारच्या आदी सांगला असतंस," ती म्हणाली, "तर मिया तुका दिवन मोकळी झाली असतंय." तिने माझा हात धरला. "आता नाय दिवचंय. आता जातलंस, तर तूच तुज्या पायान जातलंस."