तात्यापाऱ्यातल्या गटिंगमावशी

मावशींकडे बॅडमिंटनची रॅकेट घेऊन गेलं की त्या आधी रॅकेटकडे बघतच नसत. तुमचा हात मागत. मनगट दोन बोटांत धरून हळूच फिरवून बघत, तळव्यावरचे घट्टे चाचपत आणि मग विचारत, "कुठं खेळते? सकाळी का संध्याकाळी?" आपण काकुळतीला येऊन म्हणावं, "मावशी, परवा मॅच आहे. गटिंग तुटली, जाळी तेवढी चोवीस पौंडांवर ओढून द्या." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "चोवीस कोणी सांगितले तुले? उद्या सकाळी येते मी हॉलवर. खेळून दाखव, मग पाहू."

आणि त्या खरंच येत. सुती साडी, पदर खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात चहाचा थर्मास. कोर्टाच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून त्या खेळणाऱ्याच्या पायांकडे बघत राहत. शटलकडे नाही. शटलला त्या फूल म्हणत. "फूल कुठं चाललं ते साऱ्यांना दिसते," त्या म्हणायच्या, "ते तिथं काहून गेलं, ते पायात दिसते." आपल्या स्मॅशवर खूश असलेल्या एका उंचपुऱ्या इंजिनिअरला त्यांनी चहा देता देता सांगितलं होतं, "तुझा स्मॅश ऐकू लय येते बाबा, पण पॉइंट तुले नेटवर मिळून राहिले. एवढ्या जड डोक्याची रॅकेट कशाला घेऊन फिरतो?" तो आधी हिरमुसला. महिनाभराने हलक्या डोक्याची रॅकेट घेऊन आला आणि मावशींच्या पाया पडला. मावशींना पाया पडलेलं आवडत नसे. त्याला त्यांनी उठवून त्याच्याकडून खिडकीचा पडदा बसवून घेतला.

मावशींचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत अमरावतीकडून रायपूरला आले आणि इथल्या तात्यापारा वस्तीतलेच झाले. मावशी स्वतः एका सरकारी कार्यालयात स्टेनो होत्या. तरुणपणी डबल्स खेळायच्या आणि चांगल्या खेळायच्या. पण त्या काळी रायपुरात धड गटिंग करणारा कोणी नव्हता. रॅकेट नागपूरला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायची आणि ती परत यायची वाट बघायची. एकदा स्पर्धा आली तरी रॅकेट आली नाही. मावशी उसन्या रॅकेटवर खेळल्या आणि हरल्या. जोडीदार मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं. तिची ती शेवटचीच मॅच होती. हे मावशींच्या फार जिव्हारी लागलं. रजा काढून त्या नागपूरला गेल्या आणि एका म्हाताऱ्या कारागिराला म्हणाल्या, मला शिकवा.

"तो म्हणे, बाईच्या हाताले ओढ नसते," मावशी सांगायच्या. "मी म्हटलं, विहिरीतून पाणी शेंदते ना बाई, तेव्हा कोण ओढते? मग हसला आणि बाजूले सरकून जागा दिली."

पुढे गटिंग ओढायचं मशीन आलं आणि मावशींच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली बसलं. निवृत्तीनंतर दुपारचा सगळा वेळ त्या मशीनपाशी जाऊ लागला. गटिंग करताना त्या बोलत, पण हात थांबत नसे. सर्वात जास्त ऐकलेलं त्यांचं वाक्य असं, "गटिंग सैल असली तर रॅकेट तुझं काम करते. कडक असली तर तू रॅकेटचं काम करते. आधी पाहा, तुझ्या अंगात तिचं काम करायची ताकद हाय का." टीव्हीवरच्या खेळाडूंचे आकडे घेऊन येणाऱ्या पोरांना हे पटत नसे. जितकी कडक गटिंग तितका भारी खेळाडू, असा सगळ्यांचा समज. मावशी त्यांना रागावत नसत. दोन रॅकेटा हातात देत, एक सैल, एक कडक, आणि म्हणत, "मागच्या रेषेवरून फूल समोरच्या मागच्या रेषेवर पोचवून दाखवा." पोरं घामाघूम होऊन परत येत आणि निमूटपणे सैल रॅकेट पुढे करत.

मात्र एकदा त्या खूप रागावलेल्या मी पाहिल्या. शहरात नवी अकादमी निघाली होती आणि तिथल्या कोचनी पोरांच्या रॅकेटांचा गठ्ठाच मावशींकडे पाठवायला सुरुवात केली होती. मी त्या दिवशी माझी रॅकेट घ्यायला गेले, तर कोच स्वतः आलेले. "मौसी, सबका अट्ठाईस कर दो। अभी से आदत पड़ेगी।"

मावशींनी गठ्ठ्यातली एक छोटी रॅकेट उचलली. "ये किसकी है?"

"नई बच्ची है। पाँचवीं में पढ़ती है।"

"उसकी कोहनी देखी है आपने? परसों यहीं बैठके रो रही थी।"

कोच हसले. म्हणाले, खेळात थोडं दुखतंच. मावशींनी रॅकेट परत गठ्ठ्यात ठेवली, गठ्ठ्याची दोरी बांधली आणि तो त्यांच्या हातात दिला. "मेरे हाथ से बच्चों का नुकसान नहीं होगा, भैया। आप दूसरा देख लो।"

अकादमीचं काम त्या दिवसापासून बंद झालं. कोचनी शेवटपर्यंत मत बदललं नाही. मावशींनीही नाही. फक्त दुपारच्या वेळी आया पोरींना घेऊन हळूच येऊ लागल्या, आणि मावशी त्यांची गटिंग सैल करून देऊ लागल्या.

माझं आणि मावशींचं नातं तोवर गिऱ्हाइकाचं होतं. मी बँकेत नोकरीला. खेळ माझा सगळा मनगटाचा आणि मला त्याचा गर्व होता. एका हिवाळ्यात अभनपूरहून परत येताना रस्त्यावर वाळत घातलेल्या धानावरून माझी स्कूटी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवली. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. एकदा हॉलवर जाऊन बघितलं. पहिल्याच फटक्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी येऊन रॅकेट कपाटावर टाकली आणि ठरवलं, संपलं.

मावशींना कोणी सांगितलं कोण जाणे. एका रविवारी त्या दारात उभ्या. चहाही न घेता त्यांनी माझा हात मागितला. बराच वेळ फिरवून पाहिला.

"एवढंच वळते?"

"एवढंच. मावशी, मला आता नाही जमत."

"तो हात गेला. हा दुसरा हात हाय," त्या म्हणाल्या. "हात बदलला तर रॅकेट बदल. खेळ काहून सोडून राहिली?"

मला रडू आलं. अपघातानंतर घरचे, डॉक्टर, सगळेच मला धीर देत होते, पण हात बदलला आहे हे असं सरळ कोणी म्हटलं नव्हतं.

मावशींनी माझ्यासाठी लवचीक दांडीची, अगदी हलकी रॅकेट निवडली. ग्रिप जाड केली, म्हणजे मूठ आवळायला नको. गटिंग अठरावर. आम्ही हॉलवर गेलो. दुखलं नाही, पण मी मारलेलं प्रत्येक फूल मागच्या रेषेबाहेर पडू लागलं. मी हळू मारलं तरी तेच. अर्ध्या तासात माझा चेहरा पडला.

"थांब," मावशी म्हणाल्या. रॅकेट घेतली, पिशवीतून कात्री काढली आणि आदल्या दुपारी स्वतः विणलेली नवी कोरी गटिंग मधोमध कापून टाकली. कटकट आवाज करत सगळी जाळी सुटली. मी ओरडलेच.

"माझं चुकलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या दुखण्याले घाबरून मी सैल ठेवली. तुझा नेम अजून शाबूत हाय, तो पाहिलाच नाही मी. सैल जाळीनं नेम सुटते. वीस पाहू."

वीसवर ते जमलं. पूर्वीचा खेळ नव्हताच तो. मागून स्मॅश मारण्याची ताकद गेली होती, म्हणून मावशींनी मला नेटवर उभं केलं आणि मागे स्वतः उभ्या राहिल्या. साठी ओलांडलेल्या मावशी आणि पट्टी बसवलेली मी, अशी आमची जोडी शहरातल्या महिलांच्या स्पर्धेत उतरली. समोर दोन कॉलेजच्या मुली. त्यांनी लगेच ओळखलं की माझा बॅकहँड दुखरा आहे, आणि सगळी फुलं तिकडेच येऊ लागली. पहिली दोन-तीन मी सोडली. मग एक आलं, नेटच्या अगदी वर, आणि मी विचार न करता रॅकेट नुसती पुढे धरली. जाळीनेच ते उचललं. फूल नेटच्या पट्टीला घासून पलीकडे टपकलं. मागून मावशींचा आवाज आला, "हव! असंच! तू मारूच नको, रॅकेटले मारू दे!"

ती मॅच आम्ही जिंकलो. पुढची हरलो. घरी जाताना मावशींनी गोल बाजारात रिक्षा थांबवून मला बांगड्या घेऊन दिल्या, काचेच्या. खेळणाऱ्या बाईला काचेच्या बांगड्या कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "खेळ नसते तेव्हा घाल. दिवसभर का खेळतेच?"

काही वर्षांनी त्यांचा हात थरथरू लागला. आम्हाला कळण्याआधी त्यांना स्वतःला कळलं होतं. एका मुलीच्या रॅकेटच्या गटिंगची गाठ मॅच चालू असताना सुटली. मावशींनी तिला घरी बोलावलं, तिच्यासमोर हात पुढे धरून दाखवला आणि म्हणाल्या, "बेटा, गलती मेरी है। अब मैं नहीं करूँगी।" त्यानंतर त्यांनी एकही रॅकेट घेतली नाही. बीरगावची ममता नावाची, कारखान्यात काम करणारी एक खेळाडू होती. तिला शेजारी बसवून त्यांनी सगळं शिकवलं. हाताने दाखवता येईना तेव्हा तोंडाने सांगून. शेवटी मशीन तिच्या घरी गेलं आणि मावशी मुलाकडे नागपूरला निघाल्या.

स्टेशनवर मी विचारलं, "मावशी, पुढच्या वेळी ममताला किती सांगू?"

"मले काहून विचारते? हात तुझा हाय," त्या म्हणाल्या आणि डब्यात चढल्या. खिडकीतून हात हलवला तो थरथरत होता, आणि त्यांनी तो लपवला नाही.

गेल्या महिन्यात माझी गटिंग तुटली. बीरगावला ममताकडे गेले. तिने विचारलं, "बीस ही ना दीदी?" मी हो म्हणणार होते. मग आठवलं, गेले कित्येक आठवडे फूल थोडं लांब जात होतं. हाताला जोर आला होता आणि माझं लक्षच नव्हतं. म्हटलं, "इक्कीस करके देख।"

दुसऱ्या दिवशी खेळले. मनगट दुखलं नाही. फूल रेषेच्या आत पडत होतं. हॉलच्या बाहेर येऊन मी नागपूरला फोन लावला आणि मावशींना सांगितलं. फोन कानापासून दूर धरून त्या घरात कोणाला तरी ओरडून सांगत असलेल्या ऐकू आल्या, "अरे, ऐकलं का? रायपूरची आपली पोट्टी एक पौंड वर चढली!"