पाण्यात विचारलेला प्रश्न

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ती जायच्या आधीचे बरेच दिवस मी तिच्या उशाशी बसून होतो, सांगायला वेळ भरपूर होता, तरी नाही. मुलीला नाही. देवापुढं हात जोडतानाही मी हा विषय टाळून पुढं जातो, त्याला काय, माहीत असेलच, असं म्हणून. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाही. सकाळपासून दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठून चहा करून प्यालो.

हे माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. दिनकर — आमचा दिनू.

आम्ही निपाणीकडचे. मी आधी बेंगळुरूला आलो, यशवंतपूरच्या एका कारखान्यात लागलो, मग दिनूलाही बोलावून तिथंच चिकटवलं. आता दोघंही म्हातारे, जे. पी. नगरात एकाच गल्लीत समोरासमोर राहतो. इथं इतकी वर्षं काढली की आमच्या मराठीत निम्मं कन्नड शिरलंय. पण त्या दिवशी, ज्या दिवसाबद्दल मी बोलतोय, आम्ही दोघं जे बोललो ते स्वच्छ मराठीत बोललो. आणि ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसाला मराठी येत नव्हतं. सगळं त्यातच आहे. पण थांबा, मला क्रमानं सांगू द्या.

पोहायला आम्ही गावच्या विहिरीत शिकलो. पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून, अशी आमच्याकडची पद्धत. भोपळा पोराला वर धरतो. आमच्या घरी भोपळा एकच होता. मी थोरला, मी तो घेतला. दिनूच्या पाठीला वडिलांनी रॉकेलचा रिकामा डबा बांधला, डब्याच्या तोंडाला मेण लावून. डबा त्याच्या पाठीला टोचायचा आणि त्याच्या अंगाला दिवसभर रॉकेलचा वास यायचा. शाळेत पोरं त्याला 'कंदील' म्हणून चिडवायची. पुढं आयुष्यभर, मी काही चांगलं मिळवलं — घर म्हणा, बढती म्हणा — की दिनू हसत म्हणायचा, "घेतलास होय रं भोपळा?" त्यात राग कधी नव्हता. मला मात्र ते दर वेळी थोडं लागायचं. का लागावं?

बेंगळुरूला आल्यावर आम्ही कारखान्याच्या आधी पहाटे तलावावर जायला लागलो. मी वेगवान होतो. दिनू संथ — पण तो थांबायचा नाही. लोक माझ्याकडं बघायचे आणि मलाही ते ठाऊक होतं. म्हणून इंग्लिश खाडी पोहायला आधी गेलो तो मी. कारखान्यातल्या लोकांनी हार घातले, गावाकडं पेढे वाटले.

मला ती जमली नाही. अर्ध्याच्या जरा पुढं गेलो असेन, थंडीनं जबडा आवळला गेला, पोटात काही राहीना, आणि मी स्वतःच्या हातानं बोटीची शिडी धरली. बोटीला हात लागला की संपलं. या पोहण्याचा हा नियमच आहे. इंग्लंडचा किनारा सोडल्यापासून फ्रान्सच्या जमिनीवर पाय टेकेपर्यंत पोहणाऱ्यानं बोटीला शिवायचं नाही आणि कुणी त्याला शिवायचं नाही. खाणंपिणंसुद्धा दोरीला बांधलेल्या बाटलीतून, पाण्यात हातपाय मारता मारता. घरी येऊन मी सांगितलं, प्रवाह फिरला, नाइलाज झाला. प्रवाह फिरला नव्हता. दिनूला ते कळलं असावं. पुढच्या वर्षीपासून तो स्वतः तयारीला लागला.

आणि बोटीवर सोबतीला कोण? मीच. दुसऱ्या कुणाचं नाव त्यानं घेतलंच नाही. "अण्णा असला की मला मान वर करून बघायलाही लागत नाही," असं तो आमच्या आईला म्हणाला होता. माझ्यासमोर म्हणाला होता.

आता बोटीवर कोण असतं ते सांगतो. बोट चालवणारा, पोहणाऱ्याचा आपला माणूस, आणि एक निरीक्षक. निरीक्षक नियम पाळले जातात का ते बघतो, आणि पोहणाऱ्याच्या जिवाला धोका वाटला तर त्याला बाहेर काढायचा शब्द शेवटी त्याचा. आमचा निरीक्षक एक वयस्कर इंग्रज होता, भला माणूस. त्यानंच मला आदल्या दिवशी समजावलं — गारठ्यानं माणसाचं डोकं काम करेनासं होतं, आणि त्याचं त्याला कळत नाही. म्हणून मधूनमधून प्रश्न विचारायचा. सोपा, घरातला. उत्तर चुकलं की बाहेर काढायचं. आणि विचारायचं त्याच्या मातृभाषेत, कारण गारठ्यात आधी जाते ती मागून शिकलेली भाषा, आईची शेवटी.

दिनू दिवसभर पोहत होता. दुपार उतरली तेव्हा पलीकडचा किनारा दिसायला लागला होता — एक पांढरं घर, त्याच्या शेजारी झाडं. मी ज्या ठिकाणी शिडी धरली ती जागा कधीच मागं पडली होती. त्याचे हात जड झाले होते, हे खरं. वेग कमी झाला होता, हेही खरं. ओठ निळे पडले होते. निरीक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाला, विचार त्याला काहीतरी.

मी कठड्यावर वाकलो आणि ओरडून विचारलं, "दिनू, विहिरीत शिकताना पाठीला काय बांधलं होतं?"

त्यानं मान वर केली. मला त्याचे डोळे दिसले. गॉगल कपाळावर सरकवले होते त्यानं, मुद्दाम, माझ्याकडं नीट बघायला. आणि त्या गारठ्यात, त्या खाऱ्या पाण्यात, माझा भाऊ हसला.

"तुला भोपळा, मला डबा! भोपळा एकच होता, तो तू पळवलास. अजून रॉकेलचा वास येतोय पाठीला!" मग म्हणाला, "बरोबर ना? जाऊ पुढं?"

निरीक्षकानं मला विचारलं, काय म्हणाला?

मी सांगितलं, भोपळा म्हणतोय. आणि रॉकेलचा डबा.

त्यानं विचारलं, आणि तू विचारलं काय होतंस?

मी म्हणालो — आईचं नाव.

लिहिलं एकदाचं.

त्याला आईचं नाव मी विचारलंच नव्हतं. पण निरीक्षकाचा चेहरा उतरला. आईचं नाव विचारल्यावर जो माणूस भोपळा आणि डबा म्हणतो, त्याला पाण्यात ठेवणारा निरीक्षक जगात नसेल. त्यानं मान हलवली, काढा बाहेर म्हणून. हात लावायचा तो मीच लावला. शिडीवरून खाली उतरून, त्याच्या खांद्याला. त्याला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं लाटेनं बोट जवळ आली, तो माझ्यापासून दूर सरकू लागला, नियम मोडू नये म्हणून. मग कळल्यावर तो ओरडायला लागला, "अण्णा, काय करतोस? बरोबर सांगितलं की! बरोबर सांगितलं की!" हात झाडत होता, पाणी उडवत होता. निरीक्षकाला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याला दिसत होता एक भ्रमिष्ट झालेला माणूस.

मी का केलं? मला त्याच्या जिवाची भीती वाटली, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. ते सांगताना मला झोपही लागायची. पण भीती वाटणाऱ्या माणसानं सरळ म्हटलं असतं, त्याला काढा, मला बघवत नाही. प्रश्न बदलायची काय गरज होती? मी ते पांढरं घर बघितलं होतं. त्याच्या दारात उभं राहून कुणीतरी या दिनूला, या कंदिलाला, वाळूतून चालत वर येताना बघेल, हे मी बघितलं होतं. आणि मला ते नको होतं. एवढंच आहे ते. उलटून पालटून बघितलं, त्याखाली दुसरं काही सापडत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरीही... पण मी थांबलो नाही. बोटीत ब्लँकेटात गुंडाळून तो थडथडत होता, बराच वेळ त्याला शुद्ध नव्हती. नंतर त्यानं विचारलं, "अण्णा, तू मला भोपळ्याचंच विचारलंस ना?" मी म्हणालो, "नाही रे. आईचं नाव विचारलं. तुला सांगता आलं नाही." तो माझ्याकडं बघत राहिला. "पण मला भोपळ्याचं आठवतंय." मी म्हणालो, "तुझ्या मनात चाललं असेल ते."

त्यानं विश्वास ठेवला. स्वतःच्या कानांवर नाही, माझ्यावर.

गावी गेल्यावर तो आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. आई, मी तुझं नाव विसरलो. आमची आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "अरे, माझं नाव मलाच आठवत नाही. कोण हाक मारतंय मला नावानं?" सगळे हसले. मीही हसलो — त्या खोलीत, त्या दोघांसमोर.

त्यानंतर दिनू पाण्यात उतरला नाही. पण पोहणं सुटलं याचं मला तितकं वाटत नाही. त्याचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा गेला. कुलूप लावलं की चार वेळा परत येऊन बघायचा. कारखान्यात मोठ्या यंत्रावर जायची संधी आली ती त्यानं सोडली, "माझं डोकं कधी दगा देईल सांगता येत नाही, उगाच कुणाचा हात जायचा." स्कूटर विकली. घरात काही वाद झाला, कोण काय बोललं होतं यावर, की तो लगेच माघार घ्यायचा — तुम्ही म्हणता तसंच असेल. त्याची बायको शैला एकदा वैतागून म्हणाली, "असं कसं हो, अण्णा? यांना स्वतःचं म्हणून काही आठवतच नाही का?" मी म्हटलं, स्वभाव असतो एकेकाचा. स्वभाव! त्याचा स्वभाव कसा होता हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

आता त्याला खरंच विसरायला होतंय. दीड-दोन वर्षं झाली. शैला आणि मी त्याला डॉक्टरकडं घेऊन गेलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, फार गोड बोलल्या. त्याला प्रश्न विचारत होत्या — आज वार कुठला, आपण कितव्या मजल्यावर आहोत. दिनू दर उत्तराआधी माझ्याकडं बघत होता. बाईंनी शैलाला विचारलं, हे साधारण कधी सुरू झालं? शैलाच्या आधी दिनूच बोलला. "लई जुनं आहे, डॉक्टर. मी पाण्यात आईचं नाव विसरलो होतो. विचारा अण्णाला."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून.

हे मागच्या महिन्यातलं आहे. तारुण्यातली चूक असं म्हणायचीही सोय मी माझ्यासाठी ठेवली नाही, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगितलं.

आमच्या वरच्या मजल्यावर केतकी म्हणून एक पुण्याची मुलगी राहते. कोरमंगलाला नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी पोहते. ती खाडीला जाणार आहे. परवा रविवारी पोहे घेऊन खाली आली. दिनू माझ्याकडंच होता, खिडकीजवळच्या खुर्चीत. रविवारी शैला मंदिरात जाते तेव्हा त्याला माझ्याकडं सोडते. "काका, तुम्ही दोघंही लेजंड आहात आणि मला कुणी सांगितलंच नाही!" असं म्हणत ती खालीच बसली. मग म्हणाली, तिचा नवरा बोटीवर येणार आहे, त्याला कुठला प्रश्न विचारायला सांगू? "सॉलिड पाहिजे हां काका. म्हणजे मी बरोबर उत्तर दिलं की कुणाला डाउटच नको."

मी दिनूकडं बघितलं. तो पोह्यांतले दाणे वेचून एका कडेला लावत होता. आणि का कोण जाणे — मी त्याला विचारलं. इतक्या वर्षांनी, तोच प्रश्न, त्याच शब्दांत.

"दिनू, विहिरीत शिकताना पाठीला काय बांधलं होतं?"

त्या दिवशी सकाळी त्याला शैलाचं नाव आठवलं नव्हतं. पण त्यानं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं.

"तुला भोपळा, मला डबा. भोपळा एकच होता, तो तू पळवलास. अजून रॉकेलचा वास येतोय पाठीला."

केतकी खळखळून हसली. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "काका, बरोबर आहे का उत्तर?"

मी म्हणालो, "बरोबर आहे."

मग त्याच्याकडं बघून पुन्हा म्हणालो, "दिनू, बरोबर आहे. तेव्हाही बरोबरच होतं."

दिनूनं बशी खाली ठेवली. खुर्चीत सरळ झाला. दोन्ही हातांनी कपाळावरून काहीतरी डोळ्यांवर ओढल्यासारखं केलं. तिथं काहीच नव्हतं.

"मग जाऊ पुढं, अण्णा?"

मी म्हणालो, "जा."

तो तसाच बसून राहिला, हात हवेत धरून. मग त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि माझ्याकडं बघितलं. कुठं जायचं होतं, ते त्याला आठवत नव्हतं.