हिरव्या कालवणाचा मसुदा

हरी कर्णिकांनी विद्यापीठाच्या उपकेंद्रात एकतीस वर्षं परीक्षा विभागात काढली. परिपत्रकं लिहिणं हे त्यांचं काम. त्यांच्या मसुद्यात कुणाला एक वेलांटी हलवता आली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र दुरुस्त करायला काही उरलं नाही. घरी लग्नपत्रिका आली की ते तांबडं पेन काढून बसत आणि लग्नाला गेल्यावर मुलीच्या बापाला बाजूला घेऊन चुका सांगत. हळूहळू लोक फोनवरच आमंत्रणं देऊ लागले.

अशात उपकेंद्राच्या फाटकासमोर एक हॉटेल उघडलं. पाटी होती : ‘थाय हाय’. तीन दिवस कर्णिकांनी दम धरला. चौथ्या दिवशी आत जाऊन त्यांनी मालकाला सांगितलं, की प्रमाण मराठीत ‘थाय आहे’ असं पाहिजे.

मालक शार्दूल, वळ गावचा पोरगा. थायलंडात फुकेतच्या एका हॉटेलात तीन वर्षं भांड्यांपासून शेगडीपर्यंत सगळं करून परत आलेला. तो रागावला नाही. त्यांच्या गावात हायच म्हणतात, एवढं सांगून त्याने पाणी पुढे केलं. मग म्हणाला, “काका, मेनूपन मराठीत करायचा हाय. तुमीच करा की.”

कर्णिकांना वाटलं, दोन वर्षांनी कुणीतरी फाईल समोर ठेवली. पण ज्याची खातरजमा केली नाही त्यावर त्यांनी कधी सही केली नव्हती. पदार्थ चाखल्याशिवाय नाव देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शार्दूलची काही हरकत नव्हती. रोज दुपारी चारला, गर्दी नसताना, एक पदार्थ असं ठरलं. पदार्थ चौदा होते.

अडचण घरची होती. सुचेताबाईंच्या हातचं वालाचं बिरडं आणि सोड्यांची खिचडी खायला कल्याणहून माणसं येत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कर्णिक बायकोला खूश करायला म्हणाले होते, की बाहेरचं मला सोसत नाही. ते वाक्य चौतीस वर्षं घरात टिकलं होतं. आता ते मागे कसं घ्यायचं? वाचनालयात जातो, असं सांगून ते निघू लागले.

पहिल्या दिवशी टॉम यम आलं. गवती चहाचा वास घरातल्या चहासारखा आणि चव भलतीच. कर्णिकांनी दोन वाट्या संपवल्या आणि लिहिलं, ‘गवती चहाचे आंबट-तिखट सार’. पॅड थायला त्यांनी ‘शेंगदाण्याच्या कुटात परतलेल्या तांदळाच्या शेवया’ केलं. मेनूच्या माथ्यावरच्या ‘थाय फ्यूजन रेस्टॉरंट’मधल्या फ्यूजनला मात्र शब्द सापडेना. दोन दिवस विचार करून त्यांनी ‘थाय संकरित भोजनालय’ सुचवलं. शार्दूलने ते बापाला वाचून दाखवलं, तेव्हा बाप म्हणाला, की संकरित गाय असते, जेवण नसतं. तरी कर्णिकांनी तो शब्द तसाच ठेवला.

इकडे रात्रीच्या ताटात कर्णिक एका पोळीवर उठू लागले. सुचेताबाई घाबरल्या. त्यांनी ओव्याचा अर्क आणला, तिखट बंद केलं आणि नवऱ्याला मऊभात सुरू केला. दुपारी झणझणीत सार आणि रात्री मऊभात, असे कर्णिकांचे आठ दिवस गेले. बोलायची सोय नव्हती.

नवव्या दिवशी सुचेताबाईंनी धुवायला सदरा घेतला आणि खिशात एक कागद निघाला. वर ‘थाय हाय’ छापलेलं, खाली नवऱ्याच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : ‘हिरवे कालवण. ताज्या नारळाच्या दुधात शिजवलेले. घरच्या कालवणापेक्षा सौम्य, तथापि पुन्हा मागवावेसे वाटते.’ त्यांनी कागद घडी करून पदरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला कर्णिकांनी वाटीतून मान वर केली, तर दारात बायको. ते चमच्यासकट उभे राहिले.

“बसा,” त्या म्हणाल्या आणि समोरची खुर्ची ओढून स्वतःही बसल्या. “घरच्यापेक्षा सौम्य आहे ते कुठलं? ते मागवा मला.”

हिरवं कालवण आलं. सुचेताबाईंनी एक चमचा जिभेवर ठेवून डोळे मिटले. मग शार्दूलला बोलावून विचारलं, नारळ कोण खवतं?

“खवत न्हाय, काकू,” शार्दूल म्हणाला. “दुधाचा डबा येतो.”

कर्णिकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ‘ताज्या नारळाच्या’ असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि चूक सापडली ती बायकोला. सुचेताबाईंचा राग मात्र तिथेच निम्मा उतरला. डब्यातल्या दुधाची त्यांच्या हाताशी काय बरोबरी? त्यांनी वाटी तळापर्यंत संपवली आणि नवऱ्याचं तांबडं पेन मागून घेतलं.

‘आंब्यासह चिकट भात’ त्यांनी आडवा खोडला. चिकट भात म्हणजे करणारीला भात येत नाही असा अर्थ होतो, त्याला ‘आंब्याचा नारळीभात’ म्हणा, असं त्यांचं म्हणणं. कर्णिक म्हणाले, भात मुळातच चिकट आहे आणि वस्तुस्थिती बदलता येत नाही. अर्धा तास वाद झाला. आयुष्यात पहिल्यांदा कर्णिकांचा मसुदा बदलला.

नारळाचा प्रश्न शार्दूलने सोडवला. आठवड्यातून एकदा ताजा नारळ खवायचं त्याने कबूल केलं, आणि पहिल्या खेपेला दूध कसं काढायचं ते सुचेताबाईंनी आत उभं राहून आचाऱ्याला दाखवलं. त्यामुळे छापलेल्या मेनूत आहे : ‘हिरवे कालवण (केवळ शुक्रवारी ताज्या नारळाच्या दुधात)’.

मेनू आला तशी उपकेंद्रातली पोरं तो मोठ्याने वाचू लागली. ‘भैया, शेंगदाण्याच्या कुटात परतलेल्या तांदळाच्या शेवया एक प्लेट’ असं एकाने मागवलं, तेव्हा वेटरने विचारलं, “मतलब पॅड थाय ना?” आणि सगळं हॉटेल हसलं. कोपऱ्यात बसलेल्या कर्णिकांना ते लागलं. ते उठून निघालेच होते, पण शेवयावाल्याच्याच टेबलावरची रंजिता नावाची एक मुलगी आडवी आली. हे तुम्ही लिहिलंय का, तिने विचारलं. कर्णिकांनी ताठ मानेने हो म्हटलं. तिने बॅगेतून कागद काढला. पुनर्मूल्यांकनाचा तिचा अर्ज दोनदा परत आला होता.

कर्णिक पुन्हा बसले. दीड पानाच्या अर्जाच्या त्यांनी पाच ओळी केल्या. मंगळवारी तो मंजूर झाला आणि बुधवारी टेबलाशी चार मुलं उभी होती. आता रोज चार ते सहा कर्णिक तिथे असतात. समोर सुचेताबाई कच्च्या पपईची कोशिंबीर घेऊन बसतात आणि अर्जांचा क्रम लावून देतात. गडबड करणाऱ्याला त्या शेवटी ठेवतात.