गिरिजेच्या वाटणीचं ताट

आमच्या वालूरात भर दुपारी गाय शोधायला निघालात तर एकच सापडायची, ती शांतम्मा मावशीच्या अंगणात. बाकी सगळ्या सकाळीच गुराख्यामागं माळावर गेलेल्या असत, त्या दिवस मावळताना परत येत. मावशीची गाय कुठंच जात नसे. लिंबाच्या सावलीत बांधलेली, समोर गव्हाण, बाजूला पाण्याचा हौद, आणि तिच्याशी कानडीत भांडणारी मावशी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते या एका गोष्टीमुळं झालं.

मावशी बीदरकडची. लिंगायताच्या घरात दिली म्हणून इकडं आली आणि इथलीच झाली. नवरा सिद्धलिंग भला माणूस, किराणा दुकान आणि थोडी जमीन सांभाळायचा, बायकोपुढं शब्द काढायचा नाही. काढून उपयोगही नव्हता. पोरी लग्न होऊन गेल्या तशी मावशीची सगळी माया आणि सगळ्या शिव्या त्या गाईच्या वाट्याला आल्या. माणसांवर ओरडायचं ते मराठीत आणि गाईवर ओरडायचं ते कानडीत, असा तिचा कायदा होता. आमच्या दोन घरांत एक मातीची भिंत, तीही कमरेएवढी, त्यामुळं मला, म्हणजे भिंतीअलीकडच्या सुनेला, कडूला, दोन्ही ऐकायला मिळायचं. माझ्या सासूचं, तानुबाईचं, आणि मावशीचं तर त्या भिंतीवरूनच आयुष्य चाललं होतं. विरजण इकडून तिकडं, भाकरी तिकडून इकडं, आणि भांडण दोन्हीकडून.

ही गाय त्र्याऐंशी साली सरकारी योजनेतून आली. जर्सीच्या संकराची, तांबूस, मोठ्या डोळ्यांची. तिच्यासोबत गावात आणखी काही आल्या होत्या, पण लोकांनी त्या आपल्या गावरान गाईंबरोबर माळावर पिटाळल्या. उन्हानं आणि चालण्यानं त्या अशा वाळल्या की वर्षाच्या आत बाजारात गेल्या. मावशीनं मात्र योजनेच्या साहेबानं सांगितलेलं कान देऊन ऐकलं होतं. हिला बांधून खायला घालायचं, वेळेवर घालायचं, सावलीत ठेवायचं. तिनं गाईचं नाव गिरिजा ठेवलं. माझ्या सासूनं भिंतीवरून एकदा नीट पाहून घेतलं आणि निकाल दिला, "हिला वशिंड कुटं हाय? ही कसली गाय? ही तर म्हशीची चुलत बहीन हाय."

मावशी त्यावर आठ दिवस बोलली नाही. नंतर गिरिजेचा चीक आमच्या घरी आला, खरवस झाला, सासूनं दोनदा मागून खाल्ला, आणि वशिंडाचा विषय मिटला.

तिचं खाणं-पिणं हा आमच्या आळीचा करमणुकीचा विषय होता. सेलूहून आणलेली सरकीची पेंड मावशी आदल्या दिवशी भिजत घालायची. विहिरीच्या पाण्याच्या दंडाला लावलेला हत्तीघास कापून आणायची, पण नुसता हिरवा द्यायची नाही, कडब्यात मिसळून द्यायची. आणि कडबा अख्खा टाकायचा नाही. अख्खा टाकला की गाय पाला ओरबाडते, दांडे पायाखाली घालते. म्हणून तो वीतभर तोडायचा. हे तोडायचं काम माझ्या सासऱ्यांनी, सटवाजींनी, आपण होऊन अंगावर घेतलं होतं. सकाळी चहा पिऊन ते भिंत ओलांडायचे, विळा घेऊन बसायचे आणि गिरिजेशी मराठीत बोलायचे. मावशी म्हणायची, "भाऊ, तिला मराठी कळत न्हाई." सासरे म्हणायचे, "म्हनूनच बोलायलोय. घरी सगळ्यांला कळतं."

मावशीची एक खोड होती. गिरिजा खाऊन बसली आणि तिनं रवंथ सुरू केला, की मगच ही स्वतः जेवायला बसायची. गाईचं तोंड हलायला लागलं म्हणजे आत सगळं ठीक आहे, एवढं तिला पुरेसं होतं. सिद्धलिंग अप्पा बिचारे ताट समोर घेऊन बाहेर बघत बसायचे.

आता पितरांचं सांगते. पितरी अमावास्येला आमच्याकडं घरोघर गेलेल्या माणसांच्या नावानं स्वयंपाक होतो. भात, खीर, पुरी, वडे, कढी. पहिला घास कावळ्याला आणि गाईला, त्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. पूर्वी त्या दिवशी लोक एखादी गाय घरी ठेवून घ्यायचे. गिरिजा आल्यावर ती कटकट कोण करतो? हक्काची गाय बारा महिने दावणीला होतीच. बायका ताट घेऊन सरळ मावशीच्या अंगणात यायला लागल्या. आधी आमची आळी, मग मागची आळी, मग वेशीपर्यंतची घरं.

मावशीच्या घरात पितर नसतात. "आमच्यात गेलेला मानूस शिवाला मिळतो," ती म्हणायची, "त्याला परत जेवाय बोलवत न्हाईत." पण दुसऱ्याच्या पितरांना दारातून परत लावायची तिची छाती झाली नाही. शिवाय खरं सांगायचं तर तिला अभिमानही वाटायचा. वशिंडावरून नावं ठेवणाऱ्या बायका आता तिच्या गाईच्या पाया पडत होत्या.

पंच्याऐंशीच्या अमावास्येला ताटांवर ताटं आली. त्या साली आमच्या घरचं ताट नव्हतं. हिवाळ्यात सासरे गेले होते, वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून आमच्याकडं पितर घातले नाहीत. सासू तर तेव्हा भिंतीकडं फिरकतही नव्हती. नवरा गेल्यापासून ती बोलायचीच बंद झाली होती, भांडायचीसुद्धा नाही. मी भिंतीवरून बघत होते. गिरिजा भात खात होती, खीर चाटत होती, वडे मटकावत होती. तिला काय, चारा सोडून गोडधोड मिळत होतं. कुणी एक घास घालून थांबत नव्हतं. आपल्या माणसाच्या नावाचं ताट अर्धं परत कोण नेणार? सगळं गव्हाणीत रितं व्हायचं.

संध्याकाळी गिरिजेनं कडब्याला तोंड लावलं नाही. रवंथही केला नाही. मावशी तिच्या समोर बसून राहिली आणि त्या दिवशी जेवली नाही. सकाळी गाय आडवी होती. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, शेण पाण्यासारखं, त्याला आंबूस वास. अप्पा पहिल्या गाडीनं सेलूला जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी सोड्याचं पाणी पाजलं, सुया टोचल्या, आणि मावशीला जवळ बसवून समजावलं. हे पोट चाऱ्यावर चालणारं आहे, एकदम इतका भात आणि गोड पडलं की आत सगळं आंबतं आणि त्याचं विष होतं. मावशी ऐकत होती आणि गिरिजेच्या मानेवरून हात फिरवत "बा अव्वा, बा," म्हणजे ये आई, ये, असं कानडीत पुटपुटत होती.

गिरिजा वाचली. पण ती गाभण होती, आणि त्याच आठवड्यात तिनं गाभ टाकला. कालवड होती. मावशीनं ती शेताच्या कडेला स्वतः पुरली. आम्हाला वाटलं, आता ही सगळ्या आळीला धुऊन काढणार. बादली पालथी झाली तर तासभर ओरडणारी बाई ती. पण ती कुणालाच काही बोलली नाही, आणि आम्हाला तेच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी गिरिजा पुन्हा गाभण राहिली. पितर जवळ आले तशी मावशी घरोघर जाऊन सांगून आली, "या साली गिरिजेला ताट न्हाई. हिरव्या गवताची मूठ आना, ती तुमच्याच हातानं घाला. बाकी कायबी चालनार न्हाई." बायका तोंडावर "बरं" म्हणाल्या आणि पाठीमागं नाकं मुरडली. त्यांच्यात पितर नसतात, त्यांना काय कळणार, असंही एक-दोघी म्हणाल्या. अमावास्येला मावशी सकाळपासून काठी घेऊन दारात बसली. काहीजणी गवत घेऊन आल्या. काही ताट घेऊन तणतणत माळाकडं गेल्या, गुरं शोधत.

आणि आमच्या घरात सासूनं पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता. सासऱ्यांचं वर्ष झालं होतं, हा त्यांचा पहिला पितर. त्यांना आवडायचे म्हणून उडदाचे वडे, कढी, खीर. मी म्हटलं, "ताट माळावर घेऊन जाऊ का?" तर तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. ताट उचलून ती भिंतीला वळसा घालून निघाली. दीड-पावणेदोन वर्षांनी ती त्या अंगणात पाऊल टाकत होती. मी तिच्या मागं.

मावशी उठून उभी राहिली. काठी खाली ठेवली, पण वाटेतून हलली नाही.

"तानु, ताट न्हाई."

"गेल्या साली माजं ताट नव्हतं, शांते," सासू म्हणाली. "खाऊ घालून गाय पाडली ती दुसऱ्यांनी. मंग माजाच मालक उपाशी का?"

सासूचा आवाज चढला.

"दोन वर्सं त्यानं हिला कडबा तोडून घातला. हिच्याबिगर सकाळी करमायचं न्हाई त्याला. आनि आता त्याच्या नावाचा घास मी माळावरच्या कुन्या गाईला घालू?"

मला वाटलं, आता हे दोन घरांमधलं सगळं संपलं. सासू रिकाम्या हातानं परत आली असती तर पुन्हा त्या भिंतीवर आली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि ते ताट गव्हाणीत गेलं असतं तर मागून सगळा गाव आला असता, हे मावशीला ठाऊक होतं. गिरिजेच्या पोटात पाच महिन्यांचं वासरू होतं.

मावशीनं ताटाकडं पाहिलं, गिरिजेकडं पाहिलं. मग पुढं होऊन ताट सासूच्या हातातून घेतलं. भाताचं एक शीत, खरोखर एकच, आणि वड्याचा नखाएवढा तुकडा सासूच्या तळहातावर ठेवला. "घाल," म्हणाली. सासूनं घातला. गिरिजेनं हात चाटून घेतला.

"आता उरलेलं?" सासूनं विचारलं.

मावशी गव्हाणीशेजारच्या दगडावर बसली, ताट मांडीवर घेतलं, आणि खायला लागली.

मी तोंडावर हात ठेवला. गळ्यात लिंग असलेली बाई दुसऱ्याच्या पितराचं अन्न खात होती! दारात अप्पा आले, बघून तसेच आत गेले. मावशीनं भात खाल्ला, कढी प्याली, खीर संपवली, वडे एकेक करून संपवले. सासू उभीच. ताट चाटून-पुसून झाल्यावर मावशी म्हणाली,

"भाऊचं पोट भरलं बघ. तिच्या वाटनीचं मी खाल्लं. पर वड्यात मीठ कमी हाय, तानु."

"मीठ कमी?" सासू उसळली. "तुज्या जिभेलाच चव न्हाई, पेंड खाऊ घालून घालून!"

आणि मग ती हसायला लागली. हसता हसता रडली, पण आधी हसली. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदा तिचा तो आवाज ऐकला आणि मला माझ्या दोघी म्हाताऱ्यांवर इतकं प्रेम आलं की सांगायची सोय नाही.

पुढच्या वर्षीपासून रीतच पडली. ज्या बाईनं ताट आणलं तिनं गिरिजेला नखाएवढा घास घालायचा आणि उरलेलं तिथंच, लिंबाखाली, गाईच्या नावानं बसून खायचं. वर हिरव्या गवताची मूठ. अंगणात पंगत बसायची. मावशी फक्त आमच्या घरचं ताट खायची, आणि दर वर्षी मीठ कमी असायचं. एका साली सासूनं मुद्दाम मूठभर जास्त टाकलं. मावशीनं पाण्याचा तांब्या रिकामा केला, डोळे पुसले, आणि म्हणाली, "अजून थोडं लागलं असतं."

त्या वेळच्या गाभातून गिरिजेला कालवड झाली, नंतरही होत राहिल्या. ब्याण्णवच्या आषाढात मावशी गेली. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. लिंगायतांच्या रिवाजानं तिला बसवून समाधी दिली. गिरिजा दोन दिवस पान्हा सोडत नव्हती. मग सासू जाऊन बसली आणि येत असलेले चार कानडी शब्द उलटसुलट बोलत राहिली, तेव्हा कुठं दूध उतरलं.

पितर आले. अमावास्येला लिंबाखाली पंगत बसली, उठली. सगळ्या गेल्यावर सासू दुसरं ताट घेऊन निघाली. पहिलं सासऱ्यांचं होतं, ते झालं होतं. अप्पा दारातच होते.

"तानुबाई," ते हळूच म्हणाले, "आमच्यात हे न्हाई. ती शिवाला मिळाली. तिला जेवाय बोलवू नका."

"न्हाई बोलवायले, अप्पा. ती कुटं माजं ऐकायली हाय? पर तिच्या वाटनीचं कुनी तरी खाल्लं पायजे का न्हाई?"

अप्पा बाजूला झाले. सासूनं गिरिजेला एक शीत आणि नखाएवढा वडा घातला. मग मावशीच्या दगडावर बसली आणि ताट मांडीवर घेतलं. गिरिजा खाली बसली, थोड्या वेळानं तिचं तोंड हलायला लागलं. ते पाहून सासूनं पहिला घास घेतला. सावकाश सगळं खाल्लं. वडा संपवून माझ्याकडं वळली.

"मीठ कमी हाय, कडू."

वडे मी केले होते आणि मीठ अगदी बरोबर होतं.