राजांची जोडी

मॉन्टानाच्या पूर्व भागात, जिथे गावापेक्षा गुरंच जास्त, तिथे ऑर्लिन हॉगनला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, त्याचे वडील इंग्वाल्ड हे त्या पंचक्रोशीतले नावाजलेले खोगीर बनवणारे. आणि दुसरी, ऑर्लिनच्या हातात चांगली पानं आली की त्याचे कान लाल होत.

रविवारी चर्च सुटलं की ड्वेनच्या पेंडीच्या दुकानामागच्या खोलीत पोकरचा डाव बसे. प्रत्येकाच्या हातात दोन पानं लपलेली, मग सगळ्यांसाठी मध्ये तीन पानं उघडी पडायची. त्या तिघांना ते फ्लॉप म्हणत. खरा खेळ तिथून पुढे. ऑर्लिनचं घोडं नेमकं तिथेच अडे. आधी चांगली असलेली पानं त्या तीन पानांनी मातीमोल केली, तरी त्याच्या हातून ती सुटत नसत.

"अरे, लग्न मोडलंय," ड्वेन म्हणायचा, "आणि हा अजून वरातीत नाचतोय!"

एका वर्षी हिवाळा लागतालागताच एका रविवारी त्याला राजांची जोडी आली. कान तापले. त्याने पैशांच्या भरपूर चकत्या पुढे सरकवल्या, तशी सगळ्यांनी पानं टाकली. राहिली एकटी डेल्फा क्रॉली. पलीकडच्या कुरणाची मालकीण, विधवा, तोंडाने फटकळ, पण पत्त्यात कधी उगाच पैसा न लावणारी बाई.

फ्लॉप पडला: एक्का, दश्शी, सत्ती. राजा एकही नाही.

डेल्फाने शांतपणे चकत्या लावल्या. ऑर्लिनला त्याच क्षणी कळलं की एक्का तिच्याकडे आहे, म्हणजे तिची एक्क्यांची जोडी, राजांहून वरचढ. कळलं, पण मन मानेना. इतके रविवार फुटकी पानं पिसत बसलो, आज राजे आले आणि ते टाकून द्यायचे? त्याने डावावरचा पैसा वाढवला. तिने आणखी वाढवला. त्याच्यापुढचा ढीग संपला.

"खोगीर लावतो," तो म्हणाला.

सगळ्यांनी माना वर केल्या. ते खोगीर इंग्वाल्डने त्याच्या लग्नात दिलेलं होतं. कातड्यावर रानगुलाब कोरलेले, म्हाताऱ्याच्या हातचं शेवटचं मोठं काम.

"ऑर्लिन, पानं टाक," डेल्फा म्हणाली. "मी सांगतेय ना, टाक."

तिच्याकडे काही नाही म्हणूनच ती असं म्हणतेय, असं त्याने स्वतःला पटवलं. मध्ये पडायची उरलेली दोन पानं आली नि गेली. डेल्फाने हातातली एक्का आणि दश्शी उघडी करून दाखवली. दोन जोड्या, त्याच्या एका जोडीला भारी.

"घेऊन जा घरी," ती खोगिराबद्दल म्हणाली. "मला नको ते."

"हरलोय ते हरलोय," ऑर्लिन म्हणाला आणि स्वतः ते तिच्या गाडीत ठेवून आला. त्या ऐटीचाच पुढे त्याला सगळ्यात जास्त पस्तावा झाला.

घरी त्याची बायको नोला त्याच्याकडे बघतच राहिली. "कागदावरच्या दोन दाढीवाल्यांपायी मामंजींचं खोगीर घालवलंस? आता त्यांना काय सांगणार आहेस?"

त्याने काहीच सांगितलं नाही. दर भेटीत म्हातारा विचारायचा, "खोगीर कसं चालतंय रे?" आणि हा म्हणायचा, "झकास, बाबा." महिन्याभराने डेल्फाने पुन्हा निरोप धाडला, "ने बाबा तुझं तुला." याने पुन्हा नाही म्हटलं.

मग एक दिवस म्हाताऱ्याने खोगिराबद्दल विचारणंच सोडलं. हवेचं, गुडघ्याचं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं, सगळं बोलला. ऑर्लिनला वाटलं, वयामुळे विसरला असेल.

खरं काय ते ड्वेनकडून कळलं. पाय ठेवायच्या रिकिबीचा पट्टा तुटला म्हणून डेल्फा ते खोगीर घेऊन थेट इंग्वाल्डकडे गेली होती. म्हाताऱ्याला यातलं काही ठाऊक नाही, हे तिच्या गावीही नव्हतं. म्हाताऱ्याने पट्टा शिवून दिला, पैसे घेतले नाहीत, अवाक्षरही काढलं नाही.

ऑर्लिन तडक वडिलांकडे गेला. "बाबा, माझ्याकडे राजे होते…"

इंग्वाल्ड खिडकीबाहेर बघत होता. "ती तेल नीट लावते त्याला," तो म्हणाला. "कातडं मऊ आहे अजून. बस, कॉफी घे."

रागावला असता, काठी उगारली असती तर बरं झालं असतं. ऑर्लिन बसला, कॉफी प्यायला आणि माफी न मागताच उठला. पुढच्या खेपेला मागू म्हणता म्हणता बर्फ वितळलं, आणि त्याच सुमाराला म्हातारा झोपेतच गेला.

दफन झाल्यावर आठवड्याने ऑर्लिन डेल्फाच्या फाटकाशी उभा राहिला. टोपी हातात. "विकत दे," म्हणाला. "सांगशील ती किंमत."

डेल्फाचा चेहरा उतरला. "वायोमिंगला भाचीला दिलं रे. नाताळातच. शर्यतीत घोडं पळवते पोरगी, खोगिरावर जीव आहे तिचा. आता कुठल्या तोंडाने मागू? दोनदा म्हटलं होतं तुला—"

"म्हटलं होतंस," तो म्हणाला.

रविवारी तो अजूनही ड्वेनकडे बसतो. फ्लॉप फिसकटला की राजे असोत की राण्या, मुकाट्याने टाकतो. "शहाणा झालास की!" ड्वेन म्हणतो. ऑर्लिन हसत नाही. डेल्फा तेवढ्यापुरती मान खाली घालते आणि पुढचा डाव वाटायला घेते.